एका ट्रम्पेटवाल्याची छाती

नळीत फुंकायला सांगितलं की माणसं लाजतात, हे दवाखाना उघडल्यावर मला लवकरच कळलं. पांढरी प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर सरकणारा एक काटा. छाती भरून श्वास घ्यायचा, एका दमात जोरात फुंकायचं आणि काटा कुठवर गेला ते बघायचं, एवढीच परीक्षा. पण माणिकपूरच्या माझ्या दवाखान्यात बाकावरच्या चार अनोळखी माणसांदेखत तोंड फुगवून फुंकायची लोकांना कोण लाज! बायका पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. पुरुष म्हणायचे, "ते राहू द्या डॉक्टर, गोळी द्या."

हे गृहस्थ मात्र लाजले नाहीत. वसईजवळच्या होळी नावाच्या गावाहून आले होते, साठीच्या आसपासचे, बरोबर बायको. रिक्षातून उतरून माझ्या टेबलापर्यंत यायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. खांदे वर चढलेले, छाती पिंपासारखी गोल, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडणं चाललेलं. असा माणूस दारात दिसला की खरं तर पुढचं फारसं तपासायची गरज नसते. तरी रीत म्हणून मी नळी हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट धरली, ओठ जुळवले आणि 'थुक्' करून असा काही फटका मारला की काटा सर्रकन वर गेला. माझ्या फुंकरीनंसुद्धा कधी जात नसे, इतका वर.

मी पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर आत हवा जेमतेम हलत होती. म्हणजे नळीच्या मते माणूस ठणठणीत आणि माझ्या कानांच्या मते अगदी बेताचा. मी चक्रावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोला माझी दया आली.

"डॉक्टरबाय," ती म्हणाली, "तो फुंकत नाय. तो वाजवतो."

गृहस्थ तरुणपणापासून गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होते. नळी तोंडाला लागली की जीभ आपोआप फटका मारायची आणि गालांत दाबून धरलेली हवा एकदम सुटायची. ती हवा गालातली की छातीतली, हे त्या बिचाऱ्या नळीला कळायला मार्ग नव्हता. मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे नापास?" त्यांनी विचारलं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. एका दमात फुंकून भागत नाही, आतली हवा संपेपर्यंत फुंकतच राहावं लागतं, अशा मशीनवर तपासायचं तर तेव्हा माझे पेशंट मुंबईला पाठवावे लागत. त्यांनाही पाठवलं. तिथं जिभेची मात्रा चालली नाही. निकाल माझ्या कानांच्या बाजूनं लागला. बिड्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या धुरानं छातीच्या नळ्या आवळल्या होत्या, फुप्फुसं सैल पडली होती. गेलेली छाती परत येणार नव्हती. राहिलेली टिकवायची, एवढंच माझ्या हातात होतं.

तो काळ आठवला की मला आधी दवाखान्याची पायरी आठवते. मी माझी खुर्ची मुद्दाम अशी मांडली होती की रिक्षास्टँडपासून पायरीपर्यंतचा रस्ता दिसावा. माणूस खुर्चीत बसून खोटं बोलतो, चालताना बोलू शकत नाही. कोण किती अंतरावर थांबतो, कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवतो, कोण चप्पल काढायच्या निमित्तानं भिंतीला टेकून उगाच वेळ काढतो, ते बघितलं की माझी निम्मी तपासणी झालेली असायची. मग प्रश्न. "किती चाललं की दम लागतो?" याचं उत्तर मला कुणीही कधी मीटरमध्ये दिलं नाही. मनवेलपाड्याच्या चाळीतले गिरणीतून निवृत्त झालेले काका सांगायचे, "स्टेशनचा जिना आता एका दमात होत नाही." बायका हंड्यांवर सांगायच्या. आधी डोक्यावर दोन यायचे, आता कमरेवरचा एकसुद्धा जड. आणि वाडीतली माणसं म्हणायची, "विहिरीपासून केळीपर्यंत जातो, मग बसतो." मी कोकणातल्या नोकरदार घरातली, दादरमार्गे वसईला आलेली. कुणाची विहीर केळीपासून किती लांब, हे मला काय ठाऊक? पण चार-दोन वाड्या हिंडून आल्यावर मला तेही कळायला लागलं. आता माझ्याकडे बोटाला लावायचा चिमटा आहे, मशीन आहे, सगळं आहे, आणि लोक 'लेव्हल किती' एवढंच विचारतात. मला मात्र ती हंड्यांची आणि विहिरींची मापं अजून आवडतात.

ट्रम्पेटवाले चांगले पेशंट निघाले, म्हणजे बिडीचं सोडून. बिडी सुटायला बायकोला घरात महाभारत करावं लागलं. तोंडात औषधाचा फवारा सोडणाऱ्या पंपाला ते आधी बिचकले, पण 'यात फुंकायचं नाही, ओढायचं' म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली. आयुष्यभर उलटं केलेलं. फवारा वाया न जाता छातीत उतरावा म्हणून पंपाला लावायचा पोकळ डबा, स्पेसर, तेव्हा सहज मिळायचा नाही. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून तिथं पंप बसवायचा आणि तोंडाकडून ओढायचं, असा घरगुती उद्योग मी सगळ्यांना शिकवत असे. त्यांची बाटली सर्वांत नीटनेटकी होती.

दर गुरुवारी दुपारी मी दम लागणाऱ्या पेशंटांना एकत्र बोलवायची. नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा, हे शिकवायला. मी शिकवायची आणि कुणालाच जमायचं नाही. गिरणीवाले काका तर असे फुंकायचे की माझ्या टेबलावरचे कागद उडायचे. एका गुरुवारी ट्रम्पेटवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी फादरांकडून आणलेली असावी तशी एक बारीक मेणबत्ती खिशातून काढली, पेटवली आणि तिच्यावर अशी लांब, एकसारखी फुंकर सोडली की ज्योत वाकली, थरथरली, पण विझली नाही. "मारायची नाय," ते सगळ्यांना म्हणाले, "नाचवायची." त्यानंतर गुरुवारचा वर्ग त्यांचाच झाला. मी बाजूला बसून चहा प्यायची. खिडकीतून माणिकपूरच्या नव्या इमारतींची सिमेंटची धूळ यायची, वीज अधूनमधून जायची, आणि बाकावर सात-आठ म्हातारी माणसं ओठ पुढे काढून मेणबत्त्या नाचवत बसलेली असायची. इतकं हसू मला त्यानंतर कुठल्याच दवाखान्यात आलेलं नाही.

नाताळाच्या सुमाराला त्यांची छाती भरली. ताप, पिवळा बडखा, ओठ निळसर. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ऑक्सिजन लावला, सलाइनमधून औषधं दिली आणि बरेच दिवस मला खात्री नव्हती. ते घरी गेले, पण अशा प्रत्येक आजारपणात छातीचा एखादा तुकडा कायमचा जातो, तसा त्यांचाही गेला. जानेवारीत दवाखान्यात आले तेव्हा रिक्षापासून टेबलापर्यंत चार वेळा थांबले. खुर्चीत बसून श्वास जागेवर आला, तसा त्यांनी विषय काढला.

"डॉक्टरबाय, मे महिन्यात धाकटीचं लग्न आहे."

"अरे वा!"

"तिच्या दोन्ही बहिणींच्या वेळी मी घरापासून चर्चपर्यंत वाजवत गेलो. दारात ट्रम्पेट दुसऱ्याकडे दिला, पोरीचा हात धरला, आत फादरांसमोर अल्तारापर्यंत नेलं. बाहेर आलो, परत वाजवलं." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "धाकटीला कमी का?"

मी औषधं लिहिताना हात थांबवला. गोड बोलून वेळ मारून नेणं मला जमत नाही. तेव्हा तर अजिबात जमत नसे.

"दोन्ही होणार नाही," मी म्हणाले. "वाजवल्यानं छाती बिघडते असं नाही. पण तुमच्याकडे आता श्वास थोडा आहे. तो ट्रम्पेटमध्ये घालाल तर पायांना उरणार नाही. पायांना द्याल तर ट्रम्पेटला नाही. दोन्ही करायला गेलात तर चर्चच्या दारात पडाल आणि लग्न राहील बाजूला. एक निवडा."

त्यांनी वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि बायकोच्या खांद्याला धरून उठले. त्या दिवशी मला माझ्या विषयाचा मनापासून राग आला होता.

काहीही निवडा, पायांत बळ लागेलच, म्हणून मी त्यांना रोज चालायला लावलं. सुरुवातीला घर ते गल्लीचं तोंड, मग रोज थोडं पुढं, दम लागला की थांबायचं, चंबू करून श्वास सोडायचा, मग पुन्हा. आठवड्यानं आले ते तक्रार घेऊन.

"आमच्या गावात चालता येत नाय."

खरंच येत नव्हतं. प्रत्येक घराच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं. "काय मग, बरं हाय ना?" विचारल्यावर उत्तर न देता पुढं जाणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. उत्तर द्यावं तर बोलण्यात श्वास संपायचा आणि चालणं तिथंच राहायचं. त्यांच्या बायकोनं तोडगा काढला. ती दहा पावलं पुढं चालायची आणि प्रत्येक ओट्याला आधीच सांगून ठेवायची, "तो बोलणार नाय, विचारू नका." बस्स, एवढंच. कारण सांगायला तिला वेळ नव्हता. नेमका तेव्हा उपवासकाळ सुरू झालेला. ईस्टरपर्यंत कुणी मांस सोडतं, कुणी दारू, कुणी आणखी काही. गावानं आपापसांत ठरवून टाकलं की ट्रम्पेटवाल्यानं यंदा मौन धरलंय. इतक्या वर्षांत न सुधारलेला माणूस आजारपणानं सुधारला! लोक ओट्यावरून उठून त्यांना वाट द्यायला लागले. एका म्हातारीनं तर कपाळावर क्रूस केला. रस्त्यात भेटलेल्या फादरांनीही काही न विचारता डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना हसू आवरेना आणि हसल्यानं इतका खोकला आला की त्या दिवसाचं चालणं बुडालं. मला हे सांगताना ते आणि त्यांची बायको दोघंही डोळे पुसत होते. "आता ईस्टरपर्यंत खरंच गप राहायला लागणार," ते म्हणाले.

ते राहिले. आणि पाय सुधारले. छाती नाही, छाती आहे तिथंच होती, पण पाय सुधारले. मार्चच्या शेवटी ते रिक्षापासून टेबलापर्यंत एकदाच थांबले. काय निवडलंत, असं मी एक-दोनदा विचारलं. "बघू," म्हणायचे.

एप्रिलमध्ये त्यांची धाकटी आली, एकटी. तिथल्याच एका शाळेत शिक्षिका होती. खडूची पूड लागलेली पर्स मांडीवर ठेवून ती माझ्यासमोर बसली. लग्न ठरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"डॉक्टर, पप्पांना सांगा की त्यांना चर्चमध्ये चालायचं नाही."

"का?"

"म्हणजे ते वाजवतील."

मी म्हणाले, "चालता येतंय त्यांना. नाही कसं सांगू?"

"खोटं सांगा." तिनं एका दमात सांगून टाकलं. "हात धरून न्यायला काका आहेत, मामा आहेत. ट्रम्पेट कोण वाजवणार? मी लहान असताना रस्त्यानं बँड गेला की घरात बसून सांगायची, यातला पप्पांचा आवाज कुठला. बँडमध्ये अजून दोन ट्रम्पेट होते, पण माझी कधी चूक नाही झाली. मला माझ्या लग्नात तो आवाज पाहिजे. मी त्यांना तसं म्हटलं तर त्यांना वाटेल, चर्चमध्ये चार लोकांसमोर धापा टाकणारा बाप मला नकोय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

माझा आवाज चढला. मी म्हणाले, मी कुणाला खोटं सांगणार नाही, ज्या माणसानं पायांसाठी तीन महिने जिवाचं रान केलं त्याला तर नाहीच. तुम्ही बाप-लेकीनं घरात काय ते बोला. ती रडायला लागली. मग मी उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. बाहेर पेशंट ताटकळत होते. जाताना ती म्हणाली, "नाही सांगणार मी त्यांना. ते काय करतात ते करू दे."

लग्नाच्या दिवशी मी पर्समध्ये पंप, इंजेक्शन आणि सिरिंज घेऊन त्यांच्या घरी गेले. मे महिन्याचं ऊन, नारळाच्या झावळ्यांचा मांडव, अंगणात निळा कोट घातलेला बँड सज्ज. ते दारात उभे होते. राखाडी सूट, केसांना तेल, आणि हातात ट्रम्पेट. मला वाटलं, ठरलं तर मग, मुलीच्या मनासारखं झालं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. ते अंगणात उतरले, बँडमधल्या त्यांच्याच वयाच्या एका माणसाजवळ गेले, ट्रम्पेट त्याच्या हातात दिला आणि परत येऊन नवरीच्या गाडीत मुलीशेजारी बसले. दार लागलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी बघितलं आणि मान वळवली.

बँड पुढं, गाडी मागं, त्यामागं आम्ही सगळे. चर्चच्या दाराशी बँड थांबला. आत क्वायर गायला लागलं आणि बाप-लेक मधल्या वाटेनं निघाले. मी कडेच्या बाकावर होते. त्यांचे खांदे बघत होते, मान बघत होते. सवय जात नाही. ओठांचा चंबू छान जमला होता, पावलं सावकाश होती. अर्ध्या वाटेवर ते थांबले. अख्खं चर्च थांबलं. माझा हात पर्समधल्या पंपावर गेला. मुलगी हलली नाही, वळून बघितलं नाही, काही झालंच नाही अशी समोर बघत उभी राहिली. मग ते पुन्हा चालू लागले आणि अल्तारापर्यंत गेले. त्यांची बायको पहिल्या बाकावरून मोठ्यांदा रडली. मीही रडले. डॉक्टर असून रडले म्हणून मला आजही काही वाटत नाही.

त्यानंतर ते काही वर्षं होते. गुरुवारच्या वर्गाला यायचे, मग बायको निरोप घेऊन यायची, मग मीच घरी जाऊन बघायला लागले. शेवटी त्यांची छाती थकली. बँडनं त्यांना वाजवत नेलं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात धाकटी आईला घेऊन आली. आयुष्यभर चुलीसमोर बसून बाईच्या छातीतही आता शिट्ट्या वाजत होत्या. मी तपासलं, औषधं लिहिली. मग बोलता बोलता, इतक्या वर्षांचं मनात राहिलेलं, मी धाकटीला म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या मनासारखं नाही झालं."

"कोण म्हणतं?" ती म्हणाली. "गाडीत बसल्याबरोबर पप्पांनी माझा हात हातात घेतला. ट्रम्पेटला तीन बटणं असतात ना, त्यावरची त्यांची तीन बोटं. पुढं बँड सुरू झाला आणि यांची बोटं माझ्या हातावर चालायला लागली. प्रत्येक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चर्चच्या दारात बँड थांबला. बोटं नाही थांबली. अल्तारापर्यंत वाजवत आले."

मग डॉक्टरला सुचावं तेच सुचलं.

"मध्ये थांबले होते," मी म्हणाले. "मला वाटलं, दम लागला."

"नाही हो," ती म्हणाली. "त्या गाण्यात तिथं थांबायचंच असतं."